पवारचा की पवारांचा? इंग्रजीतला तो वरचा कॉमा

प्रश्न असा आलाय: “ताई, गंगापूर धरणाकडच्या आमच्या मळ्यात चार खोल्यांचा फार्मस्टे सुरू करतोय. आडनाव पवार. मराठी पाटी झाली. इंग्रजी पाटीसाठी बोर्डवाल्याने तीन नमुने पाठवलेत. एकात वरचा कॉमा नाहीच, एकात तो एसच्या आधी आहे, एकात एसच्या नंतर. घरात तिघांची तीन मतं आहेत. बरोबर कोणतं? आणि हे एकदाचं डोक्यात बसेल असं काही आहे का?”

बसेल. पण आधी तुमच्या पाटीचं बघू.

इंग्रजी शब्द मी इथे देवनागरीतच लिहितेय. एस या अक्षरासाठी सगळीकडे “स” लिहीन, उच्चार ज किंवा झ होत असला तरी, म्हणजे चिन्ह नेमकं कुठे पडतंय ते दिसेल. तर, पाटीवर नुसतं “द पवारस” असेल आणि पुढे काहीच नसेल, तर चिन्ह लागत नाही. ते साधं अनेकवचन आहे, आपण “पवार मंडळी” म्हणतो तसं. पुढे फार्मस्टे हा शब्द येणार असेल आणि धंदा तुमचा एकट्याचा असेल तर “पवार’स फार्मस्टे”. घरचे सगळे मिळून चालवणार असाल तर “पवारस’ फार्मस्टे”. म्हणजे घरातले तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या पाट्या आहेत. एक मात्र नक्की चूक: “द पवार’स” एवढंच लिहून सोडून देणं. गेटवर सगळ्यात जास्त तेच दिसतं. वाचणारा विचारतो, पवारचं काय? पुढचा शब्द कुठे गेला?

मला विचाराल तर सरळ “पवार फार्मस्टे” करा. का ते पुढे सांगते.

नाशिकला शालिमारच्या मागच्या गल्लीत एका प्रेसमध्ये मी सत्तावीस वर्षं प्रूफं वाचली. लग्नपत्रिका, शाळांची माहितीपत्रकं, वायनरीची लेबलं, औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर, सगळं हाताखालून गेलं. आमच्याकडे अपॉस्ट्रॉफी असं कुणी म्हणायचं नाही, “वरचा कॉमा” म्हणायचे. ऑपरेटर विचारायचा, “मॅडम, वरचा कॉमा ठेवू का काढू?” जणू चटणी हवी की नको. आणि बरेच गिऱ्हाईक म्हणायचे, “ठेवा, बरं दिसतं.”

बरं दिसतं म्हणून ठेवलेला हा कॉमा मी आयुष्यभर काढत आलेय. त्यातून एकच गोष्ट शिकले. आपण इंग्रजी लिहायला बसलो की मराठी बाजूला सारतो. या चिन्हापुरतं उलट करायचं. वाक्य मनात मराठीत म्हणायचं आणि “चा-ची-चे” कुठे येतंय ते ऐकायचं.

“मुलाचा वर्ग” आणि “मुलांचा वर्ग”. दोन्हींत फरक केवढा? एका टिंबाचा. पण ते टिंब आपल्याला ऐकू येतं, म्हणून दुसरीतलं पोरही तिथे चुकत नाही. इंग्रजीत गोची अशी की “बॉयस” म्हणजे मुलगे, “बॉय’स” म्हणजे मुलाचा आणि “बॉयस’” म्हणजे मुलांचा, या तिघांचा उच्चार अगदी एक. कानाला काहीच कळत नाही. आपली सवय कानाने लिहायची, म्हणून आपण तिथे घसरतो. अनुस्वार जे काम आपल्याकडे करतो ते काम तिकडे त्या चिन्हाची जागा करते. मराठीत “मुलाचा” आलं की चिन्ह एसच्या आधी. “मुलांचा” आलं की एसच्या नंतर.

पण थांबा, यात एक खड्डा आहे. “मुलांचा” हे “चिल्ड्रन” या शब्दाने म्हणायचं असेल तर? तिथे “चिल्ड्रन’स” होतं, चिन्ह एसच्या आधी. म्हणून जागा पाठ करू नका, कृती पाठ करा. मालक कोण ते आधी पूर्ण लिहून टाका. एक असेल तर एक, अनेक असतील तर अनेक. त्या शब्दावर बोट ठेवा. आता बोटाच्या लगेच पुढे चिन्ह द्या. मग बघा, चिन्हाच्या आधीचा शब्द अनेकवचनाच्या एसने संपलाय का? संपला असेल तर काम झालं. नसेल तर पुढे एक एस जोडा. मालक “गर्लस”, संपला एसने, झालं “गर्लस’”. मालक “चिल्ड्रन”, एस नाही, म्हणून “चिल्ड्रन’स”. “मेन’स”, “विमेन’स” तसंच. “चिल्ड्रनस’” आणि “मेनस’” या रूपांना आधारच नाही, कारण “चिल्ड्रनस” आणि “मेनस” असे मालक जगात कुठे नसतात.

हे मला कुणी शिकवलं नाही, आमच्या पैशाने शिकले. प्रेसमधलं माझं पहिलं किंवा दुसरं वर्ष. मुलींच्या एका वसतिगृहाचं माहितीपत्रक होतं, हजार प्रती, कव्हरवर सोनेरी फॉइल. मालक कोण, तर मुली. मी प्रूफ पाहिलं, सही केली, छापून गेलं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या एक वयस्कर बाई आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. कव्हर पुढे धरलं, “गर्ल’स होस्टेल”वर नख ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “एवढ्या मोठ्या इमारतीत एकच मुलगी ठेवायची आहे का?” त्या आवाज चढवून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हजार कव्हरं पुन्हा झाली, फॉइलसकट, प्रेसच्या खर्चाने. तेव्हापासून होस्टेल, शाळा, क्लब असं काही आलं की मी आधी कागदाच्या कडेला पेन्सिलीने मराठीत “मुलींचं” असं लिहायचे आणि मगच इंग्रजीकडे बघायचे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा, “इट’स” आणि “इटस”. इथे चा-ची-चेची कसोटी तुम्हाला फसवेल. “कंपनी आणि तिचे कर्मचारी” यात “चे” ऐकू येतं, म्हणून लोक “इट’स एम्प्लॉईज” लिहून मोकळे होतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे प्रोफाइल मी शेकड्याने वाचले असतील. बहुतेकांत हे एकदा तरी होतंच.

यावर तोडगाही मराठीतच आहे. “मी”चं षष्ठीत काय होतं? “मीचा” होत नाही, “माझा” होतं. “तू”चं “तुझा”. मालकी त्या शब्दाच्या आतच मुरलेली आहे, वरून प्रत्यय चिकटवावा लागत नाही. इंग्रजीतल्या पुरुषवाचक सर्वनामांचं तसंच आहे. “माय”, “युअर”, “हिज”, “हर”, “अवर”, “देअर” आणि हे “इटस”, सगळे “माझा-तुझा”च्या जातीचे. “हिज”मध्ये तुम्ही कधी वरचा कॉमा घालता का? मग “इटस”मध्येही नाही. शेवटी येणारे “युअरस”, “हरस”, “अवरस”, “देअरस” यांनाही नाही. पत्राखाली सही करण्याआधी “युअर’स फेथफुली” लिहिणारे अजून आहेत. ते निष्ठावंत असतील, पण चिन्ह चुकलंय.

मग “इट’स” चिन्हासह कधी? जेव्हा ते “इट इज” किंवा “इट हॅज” असेल तेव्हा, आणि फक्त तेव्हाच. वाक्यात “इट इज” किंवा “इट हॅज” घालून मोठ्याने वाचा. वाक्य तरलं तर चिन्ह ठेवा, अडखळलं तर काढा. मोबाइलवर विश्वास ठेवू नका, तो बऱ्याचदा आपल्या मनानेच चिन्ह घालून देतो.

यात इंग्रजांचाही फार वरचष्मा नाही. साधारण १८०० सालापर्यंत चांगले शिकलेले इंग्रज लोकही मालकीसाठी “इट’स” लिहीत होते. नियम नंतर घट्ट झाला. म्हणजे तुमच्या घरात कुणी चुकत असेल तर तो दोनशे-सव्वादोनशे वर्षं उशिरा जन्मला एवढंच.

“इट’स”वरून या चिन्हाच्या मूळ कामाकडे येते. मालकी हे त्याचं नंतरचं काम. मूळ काम गळलेल्या अक्षराची जागा दाखवणं. शब्द ग्रीकमधून आला, अर्थ बाजूला वळणं, टाळणं असा. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून आला, तो गळलेल्या अक्षरांसाठीच.

आपण बोलताना हेच करतो. “आला आहे”चं “आलाय”, “करतो आहे”चं “करतोय”, “गेले आहेत”चं “गेलेत”. मराठीने तिथे काही खूण ठेवली नाही, इंग्रजीने ठेवली. “ही इज गॉन” हे “ही’स गॉन” झालं, जसं “तो गेला आहे” हे “तो गेलाय” झालं. आणि मराठीने खूण ठेवली नाही तरी संस्कृतने ठेवलीय. आपल्या गावात कितीतरी बंगल्यांवर “सोऽहम्” लिहिलेलं असतं. त्यातला तो “ऽ”, अवग्रह, म्हणजे काय? “सः” आणि “अहम्” एकत्र आले, “अहम्”मधला “अ” गेला आणि तो इथे होता हे सांगायला अवग्रह उरला. अपॉस्ट्रॉफी म्हणजे इंग्रजांचा अवग्रह. हे सांगितल्यावर पंचवटीतल्या एका वेदपाठशाळेतल्या मुलाचा चेहरा असा उजळला होता, की आधी कुणी हे का सांगितलं नाही असा भाव त्यावर होता.

म्हणून “डू नॉट”चं “डोन’ट” होतं तेव्हा चिन्ह “एन”च्या आधी येत नाही, “एन” आणि “टी”च्या मध्ये येतं, कारण गळलेला “ओ” तिथला आहे. “डो’न्ट” असं लिहिलेलं टी-शर्टांवर खूप दिसतं. “ओ’क्लॉक” म्हणजे “ऑफ द क्लॉक”, मधला मजकूर गळला. “मॅ’म” म्हणजे “मॅडम”, मधला “डी” गेला. शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळे चिन्हाशिवाय लिहितात आणि कुणाचं काही बिघडत नाही, पण वर्गशिक्षिकेला अर्ज लिहिताना घाला. “वोन’ट” मात्र नुसत्या गळतीने समजत नाही. “विल नॉट”मधून “वो” कुठून आला? “विल”चं जुनं एक रूप “वोल” होतं, ते नकारात तेवढं टिकून राहिलं.

“यू आर”चं जोडरूप आणि “युअर”, “दे आर”चं जोडरूप आणि “देअर”, “हू इज”चं जोडरूप आणि “कुणाचा” या अर्थाचं “हूज”, या सगळ्या जोड्यांना एकच औषध: उलगडून वाचा. उलगडलं तर चिन्ह, नाही उलगडलं तर तो “माझा-तुझा”वाला शब्द. “लेट’स गो” म्हणजे “लेट अस गो”, उलगडतं. पण जाहिरातीत “हे ॲप तुम्हाला पैसे वाचवू देतं” अशा अर्थाचं “लेटस” येतं, ते साधं क्रियापद, तिथे काही गळलेलं नाही.

आता मालकीत हे चिन्ह शिरलं कसं? जुन्या इंग्रजीत षष्ठीचा एक प्रत्यय “एस”च होता, पण त्याआधी “ई” असायची, “राजाचा” म्हणायला “किंगेस” असं काहीतरी. ती “ई” बोलण्यात गळली आणि तिच्या जागी चिन्ह आलं, “किंग’स”. म्हणजे मालकीतलाही हा अवग्रहच. पुढे मूळ विसरलं आणि ते मालकीचंच चिन्ह झालं. अनेकवचनी मालकासाठी एसच्या पुढे चिन्ह द्यायची रीत तर अठराव्या शतकात रुळली. नियम वरून पडलेले नाहीत, छापखान्यांतून हळूहळू घडलेत, म्हणून त्यांच्यात गाठी आहेत.

त्यातली एक गाठ आपल्या नावांत अडकते. मराठीत एसने संपणारी नावं किती! सुहास, विलास, कैलास, श्रीनिवास, आडनावात व्यास. “सुहासचं दुकान” कसं लिहायचं, “सुहास’स” की “सुहास’”? दोन्ही चालतात. अमेरिकेतली वृत्तपत्रं साधारणपणे नुसतं चिन्ह देतात, पुस्तकं छापणारे बरेचसे एस जोडतात. २००६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याचा एक खटला होता. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनी “कॅन्सस’” लिहिलं, विरोधी मत लिहिणाऱ्यांनी “कॅन्सस’स”. तिथे एकमत होत नाही तर आपण कशाला जीव काढायचा? मी जसा उच्चार करते तसं लिहिते. “सुहासेस” असं म्हणते ना, मग दुसरा एस हवा. पण एका कागदावर एकच पद्धत ठेवा. लंडनमधल्या बागेचं नाव “सेंट जेम्स’स पार्क” आणि न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाचं “सेंट जेम्स’ पार्क”. नाव ज्याने ठेवलं त्याची मर्जी.

दोन मालक असतील तर मराठीसारखंच. “राम आणि श्यामचं दुकान” म्हणताना दुकान एक असेल तर “चं” शेवटी एकदाच येतं. “रामची आणि श्यामची वही” म्हणजे वह्या दोन. इंग्रजीही तस्संच: एक दुकान असेल तर चिन्ह शेवटच्या नावाला, दोन वह्या असतील तर दोघांना.

वेळ आणि मुदत हा भाग लोकांना चिन्हाचा वाटतच नाही, आणि चा-ची-चे तिथे मजेत चालतं. “एका महिन्याची नोटीस” म्हणजे “वन मंथ’स नोटीस”. “दोन दिवसांची रजा” म्हणजे “टू डेस’ लीव्ह”. “पाच वर्षांचा अनुभव” म्हणजे “फाइव्ह इयरस’ एक्स्पीरियन्स”. बायोडेटात हे एवढं बरोबर असलं की वाचणाऱ्याला कळतं, लिहिणारा सावध आहे. फक्त “पाच वर्षांचा मुलगा” वेगळा, तिथे वय आहे, मालकी नाही. तिथे “इयर” एकवचनी राहतं, जोडरेघा येतात आणि चिन्ह येत नाही.

चा-ची-चे दर वेळी चिन्ह मागतं असं समजू नका. “चहाचा कप”, “टेबलाचा पाय”, “द्राक्षांचा हंगाम” हे इंग्रजीत चिन्हाशिवाय, दोन नावं शेजारी ठेवून होतात. आपल्याकडे समास होतो तसं. षष्ठी तत्पुरुषात प्रत्यय गळतो, हे शाळेत शिकलो होतो ना? शेतकऱ्यांचा बाजार तो शेतकरी बाजार, महिलांचं मंडळ ते महिला मंडळ. गोदाकाठचा आपला सरकारवाडा घ्या, “सरकारचा वाडा” म्हणून कुणी पत्ता सांगत नाही. “पवार फार्मस्टे” करा म्हटलं ते याचसाठी. “पवारांचा वाडा” चूक नाही, पण “पवार वाडा” कानाला भरतो, आणि मालक एक की अनेक हा वाद भिंतीवर चढत नाही. उद्या वाटण्या झाल्या तरी पाटी बदलावी लागणार नाही. हे गमतीत म्हणतेय, मनावर घेऊ नका.

मोठमोठी दुकानंही हेच करतात. लंडनच्या हॅरॉड्समध्ये चिन्ह नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ साली नावातलं चिन्ह काढून टाकलं. मॅकडोनाल्ड्स आणि डॉमिनोजने ठेवलंय. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून ते कायमचं हटवायचं ठरवलं. लंडनच्या भुयारी रेल्वेत “अर्ल’स कोर्ट” चिन्हासह आणि त्याच्याच पुढचं “बॅरन्स कोर्ट” चिन्हाशिवाय. अमेरिकेत तर १८९० पासून जागांच्या नावांसाठी एक मंडळ आहे, त्याने देशभरात मालकीचं हे चिन्ह जेमतेम पाच नावांत राहू दिलंय. तेव्हा नावात चिन्ह न घालणं हा अडाणीपणा नाही. पण भलत्या जागी घालणं हा आहे.

भलत्या जागी म्हणजे अनेकवचनात. “फोटो’स”, “व्हिडिओ’स”, “पराठा’स”, “रूम’स अव्हेलेबल”. इंग्लंडमध्ये याला भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी म्हणतात, कारण भाजीच्या दुकानातल्या पाट्यांवर ती फार. आपल्याकडे भाजीवाला बिचारा निर्दोष, तो खडूने मराठीत लिहितो. आपल्याकडे हा आजार फोटो स्टुडिओ आणि हॉटेलांचा. स्वराने संपणाऱ्या शब्दाला एस लावताना हात अडखळतो, काहीतरी मध्ये हवं असं वाटतं. सतराव्या-अठराव्या शतकात परदेशी शब्दांच्या अनेकवचनात इंग्रजसुद्धा असं करायचे, “ऑपेरा’स” वगैरे. आता ते चूक धरतात.

आद्याक्षरांचंही तेच. “एमएलए’स”, “सीए’स”, “एफडी’स” नको, नुसता एस पुरे. आपण “एफड्या मोडल्या” म्हणतो तेव्हा मध्ये काही घालतो का? “एफडीचं व्याज” आलं तरच चिन्ह. १९९०च्या दशकासाठीही आकड्याला नुसता एस. एक सूट मात्र आहे: सुट्या अक्षरांचं अनेकवचन, “ए’स” किंवा “आय’स”, कारण तिथे चिन्ह नसलं तर भलताच शब्द वाचला जातो.

दिवसांची नावं पत्रिकांवर आणि बॅनरवर सारखी लागतात म्हणून सांगते. शिक्षक दिन शिक्षकांचा, “टीचरस’ डे”. बालदिन “चिल्ड्रन’स डे”. महिला दिन “विमेन’स डे”, “वुमन’स” नाही, ती एकटी नाही. “मदर’स डे” मात्र मुद्दाम एकवचनी, कारण अमेरिकेत तो सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांचा आग्रह होता की हा दिवस प्रत्येकाने आपल्या एका आईसाठी पाळावा. तिथे तो १९१४ साली अधिकृत झाला.

डि’सूझा, डि’सिल्वा, डि’मेलो या आडनावांना हात लावू नका. शरणपूर, देवळाली कॅम्प, नाशिकरोड भागातल्या घरांच्या पत्रिका आमच्याकडे यायच्या. ते चिन्ह पोर्तुगीज “दे”मधल्या गळलेल्या स्वराचं. काही संगणकीय अर्ज ते चिन्ह स्वीकारत नाहीत, म्हणून एका कागदावर चिन्ह, दुसऱ्यावर मोकळी जागा, तिसऱ्यावर सगळं जोडून असा प्रकार होतो. मी प्रूफ वाचताना नावाचं स्पेलिंग कधी सुधारलं नाही, घरच्यांना फोन करून विचारलं.

आता पाटी करायला द्याल तेव्हाचं. ऑपरेटर इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करत असेल तर ज्या कळीवर हे चिन्ह असतं तिथे “ट” उमटतो. भाषा बदलायला विसरला की “पवारटस” तयार. ते निदान दिसतं तरी. न दिसणारी चूक म्हणजे एस्केपच्या खालची तिरकी रेघ. ती वरच्या कॉमासारखी वाटते, पण उलटीकडे झुकलेली असते आणि मोठ्या बोर्डावर भयंकर दिसते. चिन्हाचा आकार इंग्रजी नऊसारखा हवा, डोकं वर, शेपूट खाली. शब्दाच्या सुरुवातीला चिन्ह आलं की वर्ड आपणहून ते इंग्रजी सहासारखं करतं, कारण त्याला वाटतं अवतरण सुरू झालं. मी तिथे चिन्ह दोनदा टाइप करून पहिलं पुसायचे, दुसरं बरोबर वळलेलं असतं.

आणि ॲक्रिलिकची सुटी अक्षरं लावणार असाल तर फिटिंगच्या वेळी स्वतः खाली उभे राहा. कॉलेज रोडवर एका दवाखान्याचं काम होतं. अक्षरं बटर पेपरवर मांडून पाठवली होती, चिन्ह एका छोट्या पिशवीत वेगळं. मी पोचले तेव्हा शिडीवरचा पोरगा खाली उतरून हात पुसत होता. चिन्ह एसच्या आधीच होतं, पण तळाशी, अक्षरांच्या पायापाशी. “कॉमा खालीच असतो ना ताई?” तो म्हणाला. चूक त्याची कशी म्हणू? शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायच्या काळात हाच तुकडा खाली बसला की कॉमा, आणि उलटा करून वर बसवला की अवतरणाची सुरुवात. ते चिन्ह वर चढवलं, पण चिकटवायला टेप वापरली होती. जुलैच्या पहिल्या झडीत ते गळून पडलं. पुढची चार वर्षं ती पाटी चिन्हाशिवाय होती आणि एकाही पेशंटने तक्रार केली नाही. मी मात्र तिथून जाताना वर बघायचे.

तुमच्या इंग्रजी पाटीवर एसही नसेल तर हा सगळा ताप वाचतो. तरी “पवारस’ फार्मस्टे”च करायचं ठरलं तर चिन्हाला टेप नको, दोन स्क्रू मारायला सांगा, धरणाकडे वारा जास्त असतो.

राहिली मराठी पाटी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मराठी अक्षरं आधी हवीत आणि इतर भाषेपेक्षा लहान नकोत, ते तुम्ही पाहिलंच असेल. देवनागरीत या चिन्हाचं काही काम नाही, इथे मी फक्त जागा दाखवायला वापरलंय. बोर्डवाल्याने इंग्रजीवरून बघून “पवार’स” असं मराठीतही कापलं असेल, तर तेवढा तुकडा काढून घ्या आणि अक्षरं सरकवून मधली फट बुजवायला सांगा.